फ्लाइट मोड म्हणजे सालेकसा नव्हे

गोंदिया जिल्ह्यात ‘नेट नाही’ ही तक्रार रोजचीच, पण तिच्या पोटात अनेक वेगवेगळ्या तक्रारी असतात. सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या हद्दीलगत, बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून शेतकरी ई-पीक पाहणीसाठी धानाचा फोटो काढतो, गट क्रमांक निवडतो आणि बटण दाबतो. कधी मोबाइल क्षणात सांगून टाकतो की इंटरनेट जोडणी नाही. कधी निरोप सर्व्हरपर्यंत पोचतो आणि तिकडून तितक्याच झटपट नकार येतो. कधी निम्मा फोटो जातो आणि जोडणी मध्येच तुटते. आणि कधी काहीच होत नाही. रेंजच्या दोन काड्या दिसत असतात, पडद्यावरचं गोल चक्र फिरत असतं आणि शेतकरी मोबाइल उंच धरून धुऱ्यावरून इकडेतिकडे चालत असतो.

ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर आधारभूत केंद्रावर धान विकण्याच्या नोंदणीत अडचण येते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात त्या बटणामागे वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनची आणि अंगणवाडीताईंच्या मोबाइलची गोष्टही फार वेगळी नाही. मशीन बदलतं, फिरणारं चक्र तेच.

नेट असं का वागतं, हे जिल्हा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव हे जंगलाचे तालुके. मध्ये नवेगाव-नागझिऱ्याचं अरण्य, पूर्वेला दरेकशाचे डोंगर. नक्षलग्रस्त म्हणून गणल्या गेलेल्या दहा राज्यांतल्या भागांत टॉवर उभारण्याची योजना केंद्र सरकारने २०१४ साली मंजूर केली. बीएसएनएलच्या त्या पहिल्या टप्प्यातले २,३४३ टॉवर टू-जीचे होते आणि ते फोर-जी करण्याचा निर्णय झाला एप्रिल २०२२ मध्ये. ज्या दुर्गम टॉवरपर्यंत केबल पोचत नाही, तिथे उपग्रहाची जोडणी देतात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, अशा एका फेरीला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. सुरक्षित जोडणी होण्याआधीच अशा दोन-तीन फेऱ्या खर्ची पडतात. म्हणजे कामाचा पहिला शब्द निघण्याआधीच सेकंद-दीड सेकंद गेला. इथे काहीच बिघडलेलं नाही, नेट फक्त मंद आहे. आणि मंद नेट व मेलेलं नेट यांतला फरक मोबाइलला आपोआप कळत नाही, ही या प्रकरणातली मुख्य अडचण आहे.

ॲप लिहिणारा माणूस बहुधा पुण्यात किंवा बेंगळुरूत बसलेला असतो, आणि सर्व्हरशी बोलण्याचा कोड तो स्वतः क्वचितच लिहितो. तो तयार लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून, वापरून, घासूनपुसून ठेवलेला कोड, जो आपल्या प्रोग्रॅमला जोडता येतो. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला ‘कर्ल’ आज अब्जावधी उपकरणांत आहे. पायथॉनवाले ‘रिक्वेस्ट्स’ वापरतात आणि तिच्या पोटात ‘युआरएललिब-थ्री’ असते. अँड्रॉइडच्या जगात ‘ओके-एचटीटीपी’चं राज्य आहे. स्क्वेअर या अमेरिकी कंपनीने ती मुक्त केली, आणि अँड्रॉइड ४.४ पासून खुद्द गूगलने आपल्या जुन्या जोडणी-यंत्रणेच्या आत तीच बसवली. या सगळ्यांचा कोड कुणालाही फुकट वाचता येतो, आणि त्याच्या चाचण्याही. एखादी लायब्ररी कशी आहे हे जाणायचं असेल तर तिच्या जाहिरातीऐवजी चाचण्यांचा फोल्डर उघडावा. नेट तुटण्याच्या किती तऱ्हा तिच्या लेखकांनी मनात आणल्या होत्या, ते तिथे लिहिलेलं असतं.

बहुतेक ॲपवाले नेट गेल्याची चाचणी कशी घेतात? मोबाइल फ्लाइट मोडवर टाकतात, ‘इंटरनेट नाही’ असा संदेश नीट दिसतो ना ते बघतात आणि पुढच्या कामाला लागतात. या चाचणीला माझा आक्षेप आहे. फ्लाइट मोडमध्ये मोबाइलला पक्कं ठाऊक असतं की आपल्याकडे जोडणी नाही. तो तत्क्षणी प्रामाणिक उत्तर देतो. धुऱ्यावरच्या मोबाइलला वाटत असतं की जोडणी आहे. तो निरोप पाठवतो, वाट बघतो, पुन्हा पाठवतो. सगळ्यात सोपी अडचण तपासून आपण सगळ्यात कठीण अडचणीवर पास झाल्याचा शिक्का मारतो.

वाट किती बघायची, याचे आकडे धक्का देणारे आहेत. लिनक्समध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्याही मुळाशी, जोडणीची पहिली हाक अनुत्तरित राहिली तर ती १ सेकंदाने पुन्हा दिली जात असे, मग २, ४, ८, १६, ३२ सेकंदांनी. शेवटच्या हाकेनंतर आणखी ६४ सेकंद थांबून यंत्रणा हार मानत असे. बेरीज १२७ सेकंद. कित्येक वर्षं हाच नेमका हिशेब होता. जोडणी झाल्यावर मध्येच टॉवर गेला आणि पाठवलेल्या मजकुराची पोच आली नाही, तर हार मानायला १५ मिनिटांच्या आसपास जातात. आपल्याकडून पाठवायचं काही उरलेलं नसेल, फक्त उत्तराची प्रतीक्षा असेल, तर मुदतच नाही. प्रोग्रॅम अनंतकाळ बसून राहू शकतो. हे आकडे चुकीचे नाहीत. पाठवण्याचं काम चिकाटीने करावं म्हणूनच ते तसे ठेवलेत. पण धुऱ्यावर उभा असलेला माणूस १५ मिनिटं थांबत नाही. तो ॲप बंद करतो.

म्हणून मुदत ठरवणं हे लायब्ररीचं आणि ती वापरणाऱ्याचं काम. ओके-एचटीटीपी जोडणीला, वाचण्याला आणि लिहिण्याला प्रत्येकी १० सेकंदांची मुदत आपणहून लावते. कर्ल जोडणीसाठी ३०० सेकंद थांबतो आणि एकूण कामाला मर्यादा घालत नाही. रिक्वेस्ट्स तर तुम्ही सांगितल्याशिवाय कुठलीच मुदत लावत नाही. तिच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलंय, पण पुस्तिका वाचतो कोण! पायथॉनच्या कितीतरी स्क्रिप्ट एखाद्या रात्री गोठून पडतात त्याचं कारण हेच. मला विचाराल तर मुदत न लावणं हा सौजन्याचा अतिरेक आहे.

मुदत लावली, आता ती पाळली जाते का हे तपासायचं. त्यासाठी नेट तुटलं पाहिजे, आणि आपण म्हणू तेव्हा, म्हणू तसंच तुटलं पाहिजे. गोंदियात नेट फुकटात तुटतं, पण फर्माइशीवर तुटत नाही. दरेकशाच्या बोगद्यातून गाडी जाताना एकदा आलेला दोष पुढच्या फेरीत येईलच असं नाही, आणि पुन्हा घडवता न येणारा दोष दुरुस्त झाला की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही.

चाचणी लिहिणाऱ्यांनी यावर काढलेल्या युक्त्या वाचनीय आहेत. नकार हवा असेल तर स्वतःच्याच संगणकाचं १ क्रमांकाचं पोर्ट ठोठवा. तिथे सहसा कुणी ऐकत नसतं, त्यामुळे नकार क्षणात मिळतो. रिक्वेस्ट्सच्या चाचण्यांत हाच पत्ता आहे. सर्व्हरचं नावच न सापडण्याची चाचणी घ्यायला तिथे बराच काळ गूगलच्या पत्त्याला एक अस्तित्वात नसलेलं उपनाव जोडलेलं होतं. यात एक मेख आहे. काही इंटरनेट पुरवठादार न सापडलेल्या नावासाठीही ‘सापडलं’ असं सांगून आपल्या जाहिरातींच्या पानावर नेतात. मग जी चाचणी अपयशाची वाट बघत होती तिला यश मिळतं आणि ती नापास होते! त्यापेक्षा ‘इन्व्हॅलिड’ हा शेवट असलेला पत्ता बरा. हे नाव कधीच कुणाला द्यायचं नाही, असं इंटरनेटच्या मानकांत १९९९ सालीच ठरवून ठेवलंय.

सगळ्यात अवघड म्हणजे मौन. जिथे कुणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, असा पत्ता आणायचा कुठून? रिक्वेस्ट्स आणि युआरएललिब-थ्री या दोन्हींच्या चाचण्यांत १०.२५५.२५५.१ हा पत्ता वापरला गेला. हा खासगी जाळ्यांसाठी राखलेल्या पत्त्यांपैकी, आणि सहसा रिकामा असतो. चाचणीच्या कोडमध्ये त्याचं नाव ‘टारपिट’ आहे, म्हणजे डांबराचा खड्डा: पाय टाकला की रुतला. पण हा खड्डा सगळीकडे सारखा नसतो. एखाद्या कार्यालयाची फायरवॉल तिथून तत्काळ ‘वाट नाही’ असं उत्तर देते, आणि मौन मिळतच नाही. संगणकाला नेटच नसेल तरीही तेच. म्हणून युआरएललिब-थ्रीच्या चाचण्यांत एक अट घातलेली आहे: नेटवर्क नसेल तर ही चाचणी वगळा. नेट गेल्याची चाचणी घ्यायला आधी नेट लागतं! पहिल्यांदा वाचताना हसू येतं, पण अट रास्त आहे. नेट नसणं आणि समोरून उत्तर न येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि चाचणी दुसरीची चाललेली आहे.

ओके-एचटीटीपीच्या मंडळींनी खऱ्या जगाचा नाद सोडून वेगळी वाट धरली. त्यांनी चाचणीसाठी एक खोटा सर्व्हर बनवला आणि तो लायब्ररीबरोबरच वाटला. नाव ‘मॉकवेबसर्व्हर’. तो तुमच्याच संगणकावर चालतो, खऱ्या सर्व्हरसारखा बोलतो, आणि फर्माइशीप्रमाणे बेइमानी करतो. त्याला सांगता येतं: जोडणी होताक्षणी तोडून टाक. किंवा पूर्ण मागणी ऐकून घे आणि एक अक्षर न बोलता फोन ठेव. किंवा अर्धं उत्तर दे आणि मग गायब हो. किंवा जोडणी धरून ठेव पण बोलूच नकोस. उत्तर थेंबाथेंबाने दे, दर सेकंदाला इतकेच बाइट, असंही सांगता येतं. उपग्रहावरचा टॉवर टेबलावर आणायचा तो असा. आता प्रत्येक चाचणी लिहिता येते: सर्व्हरने अर्धं उत्तर देऊन पळ काढला, तर लायब्ररीने अर्धी फाइल ‘पूर्ण’ म्हणून हातात दिली का, की चूक झाल्याचं सांगितलं? उघडी राहिलेली जोडणी बंद केली का? त्याच मोबाइलवरून दुसरी मागणी लगेच पाठवली तर ती नीट गेली का?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण फिरत्या मोबाइलच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. वेळ वाचावा म्हणून ओके-एचटीटीपी झालेली जोडणी लगेच मोडत नाही. काम नसलेल्या पाच जोडण्या पाच मिनिटांपर्यंत राखून ठेवते. आता बस आमगावहून सालेकशाकडे निघाली, पाच मिनिटांच्या आत रेंज जाऊन पुन्हा आली. राखून ठेवलेली जोडणी मोबाइलच्या लेखी जिवंत आहे, प्रत्यक्षात तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी नाही. पुढची मागणी त्याच मेलेल्या जोडणीवरून गेली तर? जोडणी तुटल्याचं कळलं, तर लायब्ररी निमूटपणे नवी जोडणी करून पुन्हा प्रयत्न करते, आणि सर्व्हरच्या एका पत्त्यावर दाद लागली नाही तर दुसरा पत्ता बघते. ही सोय मुळातच चालू असते. ती बरोबर चालते याची खात्री त्या खोट्या सर्व्हरच्या बेइमानीतूनच होते.

पण पुन्हा प्रयत्न करण्यातच पुढचा धोका आहे. शेतकऱ्याची नोंद सर्व्हरपर्यंत पोचली, जमा झाली, आणि ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना रस्त्यात हरवलं, असं समजा. रजिस्टर पत्र मिळालं पण पोचपावती टपालात गहाळ झाली, तसं. पाठवणाऱ्याला पत्र गेलं नाही आणि पावती आली नाही या दोन गोष्टी सारख्याच दिसतात. संगणकशास्त्रात यावर सिद्ध झालेला निष्कर्ष आहे: निरोप हरवू शकतील अशा मार्गावर दोन्ही बाजूंची शंभर टक्के खात्री कधीच होऊ शकत नाही, पावतीची पावती मागितली तरीही. मग पुन्हा पाठवावं तर एकाच गटाच्या दोन नोंदी होण्याची भीती, आणि न पाठवावं तर नोंदच नसण्याची.

यावरचा तोडगा क्षेत्रात माहिती गोळा करणाऱ्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये छान दिसतो. ‘ओडीके’ची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली. त्याच्याच कोडवरून निघालेलं ‘कोबो-कलेक्ट’ आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांचे सर्वेक्षक वापरतात. फॉर्म मोबाइलमध्ये साठतो, रेंजमध्ये आल्यावर जातो. फॉर्म भरला जातो तेव्हाच त्याला एक लांबलचक यादृच्छिक ओळखक्रमांक मिळतो, आणि तो परत पाठवतानाही बदलत नाही. सर्व्हरला तोच क्रमांक आणि तोच मजकूर पुन्हा मिळाला तर तो ‘मिळाला’ म्हणतो आणि दुसरी प्रत करत नाही. क्रमांक तोच पण मजकूर वेगळा असेल तर हरकत घेतो. पुन्हा पाठवणं निर्धोक झालं की पावती हरवण्याचं भय संपतं. ही चाचणी मॉकवेबसर्व्हरच्या ‘ऐकून घे आणि गप्प बस’ या तऱ्हेने अगदी नेमकी घेता येते. माझ्या मते हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक ॲपवाल्याने दुसरं काही नाही तरी एवढी एक चाचणी लिहावी.

आणि पुन्हा कधी पाठवायचं? नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर दमला, हजारो मोबाइलना एकाच क्षणी नकार मिळाला, आणि सगळ्यांनी बरोबर ५ सेकंदांनी पुन्हा हाक दिली, तर सर्व्हर उठता उठता पुन्हा पडेल. म्हणून प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतात आणि त्यात थोडा नशिबाचा भाग मिसळतात, म्हणजे कुणी ४ सेकंदांनी येतो, कुणी ७. ही कल्पना जुनी आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा दोघांचे निरोप एकमेकांवर आदळले तर दोघांनी वेगवेगळा, यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा बोलावं, असा नियम होता.

कर्लच्या चाचण्यांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात दीड हजाराहून अधिक चाचण्या आहेत, आणि त्यांचा एक प्रकार ‘टॉर्चर’ नावाने ओळखला जातो, छळच तो. आधी चाचणी एकदा सरळ चालवून प्रोग्रॅमने स्मृती किती वेळा मागितली ते मोजतात. मग तीच चाचणी तितक्या वेळा चालवतात: पहिल्या फेरीत पहिली मागणी नाकारायची, दुसऱ्या फेरीत दुसरी, असं शेवटपर्यंत. प्रत्येक फेरीत बघायचं एवढंच की प्रोग्रॅम कोसळला नाही ना, आणि घेतलेली स्मृती परत केली ना. नेट तुटण्यालाही हीच शिस्त लावावी असं मला वाटतं. संवादात दहा टप्पे असतील तर दहाही ठिकाणी तोडून बघावं. कुठल्या टप्प्यावर तुटेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

यातलं काहीही करायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लिनक्सच्या गाभ्यातच ‘नेटेम’ नावाची सोय आहे: एका आज्ञेत तुमच्या लॅपटॉपचं नेट ६०० मिलिसेकंदांनी उशिरा धावू लागतं आणि शंभरातली दहा पाकिटं गळू लागतात. शॉपिफायने मुक्त केलेला ‘टॉक्सिप्रॉक्सी’ ॲप आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून असंच विष कालवतो. पुण्यातल्या टेबलावर सालेकसा आणता येतं.

तरी माझी विनंती पुण्याच्या टेबलाला नाही, गोंदियाच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिलं योगदान काय द्यावं, असा प्रश्न तुम्ही विचारता. नवी सोय लिहायला धावू नका. तुम्ही वापरता त्या लायब्ररीच्या चाचण्या वाचा, तुमच्या गावात नेट ज्या तऱ्हेने जातं ती तऱ्हा त्यात आहे का बघा, नसेल तर तेवढी एक चाचणी लिहून पाठवा. ती छोटी ठेवा, दहा-दहा सेकंद खरोखर थांबायला लावू नका, मुदत मिलिसेकंदांत लावा. आणि तिच्यात खऱ्या इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता वापरू नका. स्वीकारण्याआधी बहुतेक ठिकाणी पहिला आक्षेप त्यावरच येतो.